शेळ्या-मेंढ्यांचे लंगडणे : झाडीपट्टीतील खुरांचे आणि सांध्यांचे आजार

शेळी किंवा मेंढी लंगडू लागली की दुखण्याची जागा बहुतेक वेळा खुरातच सापडते. सांधा, हाड, स्नायू आणि मज्जातंतू यांचा क्रम त्यानंतर लागतो. तरीही प्रत्यक्षात पाय उचलून खूर पाहण्याआधी सुई टोचली जाते. लचक समजून दिलेल्या वेदनाशामकाने जनावर दोन दिवस बरे चालते आणि तोवर बोटांच्या बेचक्यातली जखम खुराच्या आत शिरते. झाडीपट्टीतल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत लंगडण्याची कारणे ऋतूप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलतात. त्यामुळे कोणता महिना आहे, जनावर कुठे चरते आणि कळपात किती जनावरे लंगडत आहेत, या तीन गोष्टी कळल्या की निम्मे निदान तिथेच होते.

पावसाळ्यात मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, चामोर्शी या धानपट्ट्यात शेतांच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. रोवणी झाली की शेळ्यांना चरायला धुरे, रस्त्याच्या कडा आणि जंगलाची किनार एवढेच उरते. सकाळी गावाची सगळी जनावरे आखरावर गोळा होतात. तिथला शेणमुताचा चिखल सर्व कळपांच्या खुरांना सारखाच लागतो. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या भागातली काळी माती खुरांच्या बेचक्यात घट्ट बसते आणि वाळली की खड्यासारखी टोचते. दिवाळीनंतर धान निघाले की बांध्यांत धसकटे उरतात. बांबू तोडलेल्या जंगलात तिरपे कापलेले खुंट असतात. उन्हाळ्यात खूर लाकडासारखे कडक होतात आणि त्यांच्या कडा तडकतात.

लंगडी शेळी चरायला कमी फिरते. तिचे दूध आटते, पिलांची वाढ खुंटते. मागचे पाय दुखणारा बोकड माजावरच्या शेळीवर चढत नाही, म्हणून पुढच्या हंगामाची पिलेही कमी होतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत आणि ब्रह्मपुरी वनविभागात आणखी एक धोका असतो. लंगडणारे जनावर कळपाच्या मागे पडते आणि वाघ-बिबट्याला सर्वांत आधी तेच सापडते. हरवलेली शेळी शोधायला राखणारा माणूस तिन्हीसांजेला एकटा झुडपात शिरतो, आणि हे शेळी गमावण्यापेक्षाही वाईट. पाय बरा होईपर्यंत लंगड्या जनावराला चराईला न नेता घरीच पाला द्यावा.

पाय कसा तपासावा

तपासणीची सुरुवात लांबून करावी. कळप सपाट, कठीण जागेवरून सावकाश चालू द्यावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना जनावर मान वर उचलते आणि चांगल्या पायावर भार आला की मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा वर-खाली जास्त होतो. पुढचे गुडघे टेकून चरणाऱ्या शेळीचे पुढचे दोन्ही खूर दुखत असतात. ही सवय किंवा लाड नव्हे. सारखी बसून राहणारी, उठवल्यावर पाठ कमानीसारखी करून उभी राहणारी शेळी चारही खुरांनी त्रस्त असू शकते.

नंतर जनावर धरावे. मेंढीला पुठ्ठ्यावर बसवून तिची पाठ माणसाच्या मांडीला टेकवली की ती शांत राहते. शेळीला असे बसवलेले सोसत नाही. तिला भिंतीशी उभी करून घोड्याला नाल मारताना उचलतात तसा एकेक पाय मागे वळवून उचलावा. आधी दोन्ही बोटांमधले बेचके ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि लाली, ओल, चिरा, काटा, खडा पाहावा. वास घ्यावा, कारण सडलेल्या खुराचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग खुराची भिंत आणि तळवा दाबावा. ज्या जागी दाबल्यावर जनावर पाय हिसकते तिथे दुखणे आहे. खुरात काहीच सापडले नाही तर हाताच्या पाठीने पाय वरच्या दिशेने चाचपत जावे आणि दुसऱ्या बाजूच्या पायाशी तुलना करावी. गरम लागणारा, फुगलेला किंवा कमी वाकणारा सांधा या तुलनेत लगेच कळतो. एवढ्याला पाच मिनिटे लागतात.

चिखलातले खूर

पावसाळ्यात सर्वाधिक दिसते ती बेचक्याची जळजळ. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचा वरचा थर पांढुरका होऊन सुटतो आणि खाली लालभडक, हुळहुळी जागा दिसते. वास फारसा नसतो आणि खुराचे शिंग, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, शाबूत असते. या जखमेत शेणात नेहमी असणारे फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हे जिवाणू शिरतात. याच अवस्थेत जनावर कोरड्या जागी बांधले, बेचके धुऊन पुसले आणि पोव्हिडोन आयोडीन किंवा डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिक फवारा दोन-तीन दिवस मारला तर आजार तिथेच थांबतो.

तो थांबला नाही आणि कळपात डायकेलोबॅक्टर नोडोसस हा दुसरा जिवाणू असला तर खूर सडू लागतो. हा जिवाणू खुराचे शिंग विरघळवणारे पाचकद्रव्य सोडतो. त्यामुळे बेचक्यापासून सुरुवात होऊन तळवा आतल्या मांसापासून सुटत जातो, राखाडी चिकट लगदा निघतो आणि दुर्गंधी येते. पुढे खुराची भिंतही सुटते. या आजाराचे मूळ याच जिवाणूत आहे हे ऑस्ट्रेलियात बेव्हरिज यांनी 1941 साली दाखवून दिले. त्या माहितीचा आजच्या पशुपालकाला होणारा उपयोग असा : हा जिवाणू खुराबाहेर, चराऊ जमिनीवर, सहसा दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. तो वर्षभर कळपात राहतो तो जुनाट सडलेल्या खुरांतच. म्हणून वारंवार औषध देऊनही बरी न होणारी एखाद-दुसरी शेळी कळपातून काढून टाकणे हा कंजूषपणा किंवा क्रूरपणा नसून उपचाराचाच भाग आहे.

पूर्वी सडलेले शिंग आतल्या मांसापर्यंत कोरून काढण्याचा सल्ला दिला जाई. आता तसे करू नये असे मानले जाते. रक्त येईपर्यंत कोरलेला खूर उशिरा बरा होतो आणि कोरण्याच्या सुरीवरून जिवाणू पुढच्या जनावरात जातो. दीर्घकाळ काम करणाऱ्या (लाँग-ॲक्टिंग) ऑक्सिटेट्रासायक्लिनचे एक इंजेक्शन, शरीराच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम या प्रमाणात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खुरावर फवारा, आणि त्यानंतर किमान 24 तास कोरडी जमीन, एवढ्याने बरीच जनावरे आठवडाभरात नीट चालू लागतात. हे औषध दिलेल्या बोकडाचे मटण सुमारे चार आठवडे खाण्यासाठी विकू नये. नेमकी मुदत बाटलीच्या लेबलावर छापलेली असते.

कळपातली बरीच जनावरे लंगडत असतील तर खुरांची आंघोळ घालावी. तिच्यासाठी सर्वांत सोयीचे औषध झाडीपट्टीत प्रत्येक कृषी केंद्रात मिळते, ते म्हणजे झिंक सल्फेट. धानावरील खैरा रोगासाठी घरोघरी आणलेले हेच खत दहा लिटर पाण्यात एक किलो विरघळवले की दहा टक्क्यांचे द्रावण होते. द्रावणात थोडी कपडे धुण्याची पावडर टाकली तर ते शिंगात चांगले मुरते. उथळ हौदात किंवा पत्र्याच्या पसरट टाकीत खूर पूर्ण बुडतील एवढे, म्हणजे दोन-अडीच इंच द्रावण घ्यावे. आधी साध्या पाण्याने पाय धुवावेत, म्हणजे चिखलाने औषध वाया जात नाही. जनावरांना तहान लागलेली नसावी, नाहीतर ती द्रावण पितात. साध्या जळजळीसाठी काही मिनिटे पुरतात. सडलेल्या खुरासाठी पंधरा मिनिटे ते अर्धा तास उभे करावे लागते. त्यानंतर तासभर फरशीवर किंवा कोरड्या मुरमावर थांबवावे. आंघोळ घालून लगेच चिखलात सोडले तर औषधाचे पैसे पाण्यात गेले. आठवड्याने पुन्हा एकदा घालावी.

मोरचूद हा जुना उपाय अजूनही वापरला जातो आणि पाच टक्के द्रावणाने खूर कडकही होतात. पण त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एक दिवस काविळीसारखी लक्षणे दाखवून ती मरते. कुरमार धनगरांच्या कळपांत मेंढ्याच जास्त असतात, म्हणून तिथे मोरचूद टाळलेलेच बरे. वापरलेले द्रावण तलावात किंवा बोडीत कधीच ओतू नये. फॉर्मेलिन वापरायचे तर तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि उघड्यावरच. उघडी जखम असलेल्या पायाला ते प्रचंड झोंबते आणि माणसाच्या डोळ्यांना-श्वासालाही त्रास देते.

काटा, खुंट आणि किडे

एकच जनावर, एकच पाय आणि अचानक आलेले लंगडेपण असेल तर काही टोचले असे धरून चालावे. बाभूळ, बोर, हिवर यांचे काटे बेचक्यात किंवा तळव्यात मोडतात. धानाची आणि तुरीची धसकटे टाचेच्या मऊ भागात शिरतात. बांबूचा तिरपा खुंट तर खुराच्या वरची कातडी चिरून थेट सांध्यापर्यंत जाऊ शकतो. काटा चिमट्याने सरळ रेषेत ओढून काढावा, जागा धुवावी, आयोडीन लावावे आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. शेळ्या-मेंढ्यांना धनुर्वात होतो आणि झाला की बहुधा वाचत नाहीत.

काटा आत राहिला तर गळू होते. खुराचे एक बोट गरम लागते, जनावर पाय टेकतच नाही आणि काही दिवसांनी केसांच्या रेषेवर किंवा बेचक्यात पू फुटतो. तळव्याखालच्या पुवाला खालून वाट करून दिली की जनावर त्याच दिवशी पाय टेकू लागते. पण ते काम जाणत्या हाताचे. खोल गळू सांध्यात उतरले असेल तर खूर महिनोन् महिने सुजलेला राहतो. अशा वेळी कधी कधी ते एक बोट शस्त्रक्रियेने काढावे लागते. शेळी उरलेल्या एका बोटावर चांगली चालते.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दीड-दोन दिवसांत किडे पडतात. जनावर पाय सारखा आपटते, चावते आणि जखमेतून लालसर पाणी गळते. टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटे ठेवला की किडे वर येतात. मग ते चिमट्याने एकूण एक काढावेत, जखम धुवावी आणि माशी न बसू देणारे मलम लावावे. फिनाइल, रॉकेल किंवा पिकावरचे कीटकनाशक जखमेत ओतण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने किडे मरतात, पण सोबत नवे मांसही जळते, आणि कीटकनाशक रक्तात जाऊन जनावरही दगावू शकते.

एकाच वेळी अनेक जनावरे लंगडली तर

दोन-तीन दिवसांत कळपातली बरीच जनावरे एकदम लंगडू लागली, ताप आला आणि चारा सुटला, तर आधी लाळ्या-खुरकूत समजावी. गाई-बैलांत तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात आणि आजार लपत नाही. शेळ्या-मेंढ्यांत तोंडातले फोड बारीक असतात आणि लवकर भरून येतात. बाहेरून दिसते ते फक्त लंगडणे. खुराच्या वरच्या कडेला आणि बेचक्यात फोड किंवा फुटलेली साल पाहावी. पिले मात्र लक्षणे न दाखवता पटापट मरतात, कारण विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. शेळ्यांत सौम्य राहिलेला हाच आजार रोवणीच्या तोंडावर बैलांना लागला तर चिखलणी अडते. जंगलात चरणाऱ्या कळपाकडून तो चितळ-गव्यांपर्यंतही जाऊ शकतो.

लाळ्या-खुरकूत हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच सांगावे, कळप आखरावर आणि बाजारात नेणे थांबवावे आणि राखणाऱ्याने दुसऱ्याच्या कोठ्यात जाऊ नये. दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याने जमीन, चपला, भांडी धुवावीत. हा धुण्याचा सोडा या विषाणूवर चांगला चालतो. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या आजाराची लस मोफत दिली जाते. गावात लसीकरण पथक आले की शेळ्या जंगलात असतात आणि फक्त गाई-बैलांना टोचून पथक परत जाते, असे होऊ देऊ नये. त्या दिवशी कळप तासभर उशिरा सोडावा.

मेंढ्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी निळी जीभ, म्हणजेच ब्लूटंग, हेही सामूहिक लंगडण्याचे मोठे कारण आहे. भारतातील या आजाराची पहिली नोंद 1964 साली महाराष्ट्रातूनच झाली. क्युलिकॉइड्स नावाची अगदी बारीक चावरी माशी तो पसरवते आणि ती शेणमिश्रित ओल्या चिखलात वाढते. ताप, सुजलेले ओठ आणि चेहरा, नाकातून शेंबूड, निळसर पडणारी जीभ, आणि खुराच्या वरच्या कडेला लाल-जांभळी रेघ ही ओळखीची लक्षणे आहेत. ही रेघ दिसत असताना मेंढी काचेवर चालावे तशी चालते. विषाणूवर औषध नाही. सावली, मऊ चारा, जखमांची निगा आणि दुय्यम संसर्गासाठी अँटिबायोटिक एवढेच हाती असते. पाच उपप्रकारांवर चालणारी लस भारतात तयार होते आणि ती पावसाळ्याआधी टोचून घ्यावी लागते. शेळ्यांत हा आजार बहुधा सौम्य असतो.

ओठांवर खपल्या आणणारा मावा कधी कधी खुराच्या कडेलाही खपल्या आणतो. तो माणसाच्या हातालाही लागतो, म्हणून हातमोजे घालावेत. गाई-वासरांत एकटांग्या किंवा फऱ्या म्हणून ओळखला जाणारा आजार शेळ्या-मेंढ्यांत क्वचित, बहुधा जखमेनंतर होतो. मांडी किंवा फरा झपाट्याने सुजतो आणि दाबल्यावर कातडीखाली चुरचुर वाजते. अशा जनावराच्या बाबतीत वाट पाहत बसायला वेळ नसतो. तेव्हा ताबडतोब हालचाल करावी.

सांधे : पिलांचे आणि मोठ्यांचे

जन्मापासून पहिल्या महिन्यात पिलाचा पुढचा गुडघा किंवा मागचा ढोपरसांधा गरम, टणक सुजला आणि पिलू तीन पायांवर आचळाशी जाऊ लागले, तर संसर्ग बहुधा नाळेतून आलेला असतो. ओली नाळ शेणात पडली की स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय यांसारखे जिवाणू रक्तातून सांध्यांत पोचतात. पहिल्या दोन दिवसांत उपचार सुरू झाला तर सांधा वाचतो. अँटिबायोटिक किमान आठवडाभर द्यावे लागते. पिलू चालायला लागले म्हणून तिसऱ्या दिवशी सुई बंद केली तर सूज परत येते आणि मग सांधा कायमचा आखडतो.

टाळणे मात्र फार सोपे आहे. जन्मल्यावर अर्ध्या तासात नाळ टिंक्चर आयोडीनच्या छोट्या बाटलीत पूर्ण बुडवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. नुसता बोळा फिरवणे पुरत नाही. दुसरी गोष्ट चीक. शरीराच्या दर किलोला सुमारे 50 मिलिलिटर चीक पहिल्या दोन तासांत पोटात जायला हवा, म्हणजे दोन किलोच्या पिलाला 100 मिलिलिटर. जार पडेपर्यंत चीक पाजू नये ही समजूत अजून अनेक घरांत आहे. तिच्यामुळे जितकी पिले जातात तितकी थंडीनेही जात नसतील. व्यायची जागा कोरडी हवी आणि तिथे नवे तणस पसरलेले असावे.

मोठ्या शेळीचे दोन-तीन सांधे सुजले आणि सोबत दूध पातळ-पिवळे पडले किंवा डोळे आले, तर मायकोप्लाझ्माचा संसर्ग असू शकतो. तो कळपात झपाट्याने पसरतो. ठरावीक अँटिबायोटिकच त्यावर चालते, म्हणून अंदाजाने सुई मारू नये. सांधेसूज आणि गर्भपात असे दोन्ही एका कळपात दिसले तर ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्यावी. हा आजार माणसाला होतो आणि महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी मागे लावतो. गाभडलेली शेळी सोडवण्याचे काम घरातल्या बायकाच करतात. त्यांनी उघड्या हाताने वार-जार काढू नये आणि कच्चे दूध कुणी पिऊ नये. बाहेरून आणलेल्या दुधाळ जातींत कधी कधी विषाणूजन्य संधिवात आढळतो. गुडघे वर्षानुवर्षे जाडावत जातात. त्यावर इलाज नाही. तो मुख्यतः आईच्या दुधातून पिलाला जातो.

मागचे दोन्ही पाय लटपटणे, कमरेतून झोकांड्या जाणे किंवा पाय लुळा पडणे हे लंगडणे नव्हे. डासांमार्फत गुरांकडून येणारा सेटेरिया हा कृमी चुकून शेळी-मेंढीच्या मज्जारज्जूत शिरला तर असे होते. धानाच्या पाणथळ पट्ट्यात, जिथे गुरे आणि शेळ्या एकाच कोठ्यात असतात, तिथे ही शंका घ्यावी आणि खुरात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

दाणा, पाणी आणि खनिजे

धानाच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावर सुटलेली शेळी पोट फुटेस्तोवर धान खाते. लग्नाच्या जेवणावळीनंतर टाकलेला भातही तसाच. पोटात आम्ल वाढते, जनावर सुस्त पडते, पातळ हगते आणि त्यातून वाचले तर काही दिवसांनी चारही खूर गरम होऊन दुखू लागतात. खुराच्या आतल्या पडद्याला सूज आलेली असते. अशी शेळी टाचांवर भार देऊन, पाय पुढे टाकून उभी राहते. नंतर तिचे खूर लांब, चपटे, पुढून वर वळलेले वाढतात. मोठ्या शेळीने धान खाल्ल्याचे कळताच 20 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून सावकाश पाजावा आणि डॉक्टरांना बोलवावे. चैत्रात मोहफुलांच्या सड्याखाली शेळ्या दिवसभर सोडू नयेत. मोहफुलात साखर भरपूर असते आणि अति खाल्ल्यास पोट असेच बिघडते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. माणसांसाठी लिटरला दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरतात. वर्षानुवर्षे जास्त फ्लोराईडचे पाणी पिणाऱ्या जनावरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, दात असमान झिजतात, पायांच्या हाडांवर गाठी येतात आणि ती ताठरपणे, आळीपाळीने वेगवेगळ्या पायांनी लंगडतात. हाडांत बसलेले फ्लोराईड औषधाने निघत नाही. गावातली बरीच म्हातारी जनावरे अशी चालत असतील आणि माणसांच्याही दातांवर डाग असतील, तर हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे. जनावरांना तलावाचे किंवा साठवलेल्या पावसाचे पाणी टाकीत भरून पाजावे. थेट तलावात उतरवू नये, कारण काठच्या गोगलगायींमुळे यकृतकृमी लागतात आणि पायही ओले राहतात.

अंधाऱ्या कोठ्यात बांधून ठेवलेल्या, फक्त तणसावर वाढवलेल्या पिलांचे पाय वाकतात. ऊन, डाळवर्गीय पाला आणि रोज 5 ते 10 ग्रॅम क्षारमिश्रण यांनी ते टळते. तणसात पोषण कमी असते, याचा विसर पडू नये.

हाड मोडले तर, आणि सुईविषयी

मोडलेल्या पायाला आधार देण्यासाठी बांबूच्या कमच्यांइतके सोयीचे साधन दुसरे नाही, आणि इथे बांबूला तोटा नाही. पाय सरळ करून आधी कापसाचा जाड थर गुंडाळावा, मग गुळगुळीत तासलेल्या तीन-चार कमच्या चारही बाजूंनी लावून पट्टी बांधावी. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे पट्टीत आले पाहिजेत, नाहीतर हाड हलतच राहते. बोटे सुजली, थंड पडली तर पट्टी घट्ट झाली आहे. पिलांचे हाड तीन-चार आठवड्यांत, मोठ्यांचे सहा आठवड्यांच्या आसपास जुळते. हाड कातडीबाहेर आले असेल तर घरी काही करू नये.

मांडीच्या मागच्या भागात चुकीच्या जागी टोचलेली सुई स्वतःच लंगडेपण आणते. शेळीच्या मांडीत मांस कमी आणि तिथून पायाचा मुख्य मज्जातंतू जातो. इंजेक्शन मानेच्या स्नायूत किंवा कातडीखाली द्यावे.

वेदनाशामकांच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांवर वेगळी जबाबदारी आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 साली बंदी आली, कारण ते दिलेल्या जनावराचे मढे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित झाली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठीचा वापर बंद झाला. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहे, म्हणजे मेलेली जनावरे खाऊ घालण्याच्या जागा, चालवली, आणि 2024 च्या जानेवारीत हरयाणातील पिंजोर येथून गिधाडे ताडोबात आणली गेली. लंगड्या शेळीसाठी मेलोक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध मिळते. गावात फिरणाऱ्या सुईवाल्याच्या पिशवीत काय आहे, हे विचारण्याचा प्रत्येक मालकाला अधिकार आहे.

खूर साळणे आणि कोठा

दगडाळ रानात रोज फिरणाऱ्या शेळीचे खूर आपोआप झिजतात. बचतगटांच्या आणि बंदिस्त पद्धतीने पाळलेल्या शेळ्यांचे खूर वाढून तळव्याखाली दुमडतात आणि त्या खिशात शेण साठते. अशा शेळ्यांचे खूर वर्षातून दोनदा तरी साळावेत. मे महिन्यात शिंग इतके कडक असते की कात्री चालत नाही. पहिल्या सरी पडल्यावर किंवा पाय तासभर पाण्यात भिजवल्यावर काम सोपे होते. दुसरी वेळ दिवाळीच्या आसपास. आधी दुमडलेली भिंत कापावी, मग टोक, मग तळवा सपाट करावा. खुराच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या रेघांना समांतर तळवा आला की खूर नीट बसला. गुलाबी रंग दिसू लागला की थांबावे. दोन जनावरांमध्ये कात्री आयोडीनच्या पाण्यात बुडवावी आणि सडलेल्या खुराची शेळी सर्वांत शेवटी घ्यावी. कापलेले तुकडे जाळावेत.

कोठ्याची जमीन मुरमाची, उताराची आणि भोवतालापेक्षा उंच हवी. मोठ्या शेळीमागे दहा चौरस फूट जागा सोडावी. बांबूच्या पट्ट्यांचे उंच मचाण या भागात परवडते आणि पावसाळ्यात खूर कोरडे ठेवायला त्यापेक्षा चांगले काही नाही. मात्र पट्ट्यांमधली फट दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असू नये, नाहीतर पिलांचे पाय अडकून मोडतात. जुन्या, गुळगुळीत झालेल्या पट्ट्या बदलाव्यात. आठवड्यातून एकदा कोरडी चुन्याची भुकटी भुरभुरावी. आठवडी बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी आणि पहिल्याच दिवशी तिचे चारही पाय उचलून पाहावेत.

पर्लकोटा नदी चढली की भामरागड अनेकदा बाहेरच्या जगापासून तुटतो. आतल्या इतर गावांचीही पावसाळ्यात तीच गत होते. तिथे दवाखाना जवळ असला तरी पोचता येत नाही. म्हणून मृगाआधी टिंक्चर आयोडीन, पोव्हिडोन आयोडीन, फवारा, टर्पेंटाइन, कापूस, पट्ट्या, चिमटा, खुरांची कात्री आणि पाच-दहा किलो झिंक सल्फेट घरात आणून ठेवावे आणि लसी टोचून घ्याव्यात. फोन लागत असेल तिथून फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा मोफत क्रमांक फिरवता येतो. फोन करताना किती जनावरे लंगडत आहेत, कोणता पाय, कधीपासून, ताप आहे का आणि तोंडात फोड आहेत का, हे आधीच पाहून ठेवावे.